ताट वाजलं की खाली उतरायचं

मुरलीधर सबनीसांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी जिना दाखवला जायचा. दारातून बाहेर पडलात की डावीकडे, लिफ्ट वापरायची नाही, खाली बॅडमिंटनचं मैदान आहे तिथे उभं राहायचं आणि मोजणी झाल्याशिवाय हलायचं नाही, एवढं सांगून झालं की मग पाणी यायचं. पुण्याहून आलेल्या आमच्या आत्याबाईंना वाटलं, जावई आपल्याला घालवून देतोय. त्या चप्पल घालून निघाल्याही होत्या.

हे माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रभाताईचे यजमान. नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या कामगार खात्यात, आणि काम कारखान्यांतल्या सुरक्षेचं. मी तेव्हा मुनिरक्याला राहायचे, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायचे आणि रविवारी दोन बस बदलून नोएडाला ताईकडे जायचे. त्यामुळे हे सगळं मी ऐकलेलं नाही, भोगलेलं आहे.

लोक मला हळूच विचारायचे की लहानपणी काही अपघात वगैरे झाला होता का यांना. नाही हो. काहीही झालेलं नव्हतं. साधं बोट कधी दारात चेमटलं नव्हतं. त्यांची आई, शेवंताबाई, सांगायच्या की मुंजीत होम पेटवायच्या आधी या बटूनं गुरुजींना विचारलं होतं, पाण्याची बादली कुठाय? गुरुजींनी मुलगा फार धार्मिक आहे असं म्हणून बादली मागवली होती. तात्पर्य काय, तर माणूस मुळातच तसा होता, आणि सरकारनं त्याला त्याचा पगारही दिला.

सरकारी क्वार्टर सोडून ही मंडळी नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आली ती नव्वदनंतर. आजूबाजूला तेव्हा मोहरीची शेतं आणि त्यात उगवलेल्या सोसायट्या. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. इतरांच्या दिवाणखान्यात शोकेस असते तिथे यांच्याकडे लालभडक अग्निशामक. जिन्याच्या वळणावर वाळूची लाल बादली. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कवायत. विजेचा भरवसा नसल्यामुळे घंटा नव्हती. स्टीलचं जेवणाचं ताट आणि लाटणं होतं. ताट वाजलं की असेल तसं खाली उतरायचं. कणीक भिजवणारीनं कणकेच्या हातानं, शाम्पू लावलेलीनं शाम्पूसकट.

कामं वाटून दिलेली होती. ताईकडे गॅस बंद करणं, ताट वाजवणं आणि पाहुण्यांना बाहेर काढणं. माझी भाची अश्लेषा तेव्हा अकरावीत होती, तिच्याकडे मेन स्विच आणि अग्निशामक. आईंकडे, म्हणजे शेवंताबाईंकडे, मोजणी. त्या ऐंशीला टेकलेल्या, पण मोजणीत कधी चुकल्या नाहीत, कारण त्या जपमाळेवर मोजायच्या. घरात जेवढी माणसं, घरचे धरून, तेवढे मणी पुढे सरकवून तिथे लाल दोरा बांधायचा आणि खाली उतरल्यावर पुन्हा तेवढेच मणी जुळवायचे. देवालाही एवढ्या हिशेबात त्यांनी कधी धरलं नसेल.

एका संक्रांतीला तर कहर झाला. ताई हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणणार होती. भावोजींनी सदर बाजारातून शिट्ट्या आणल्या. धुरात माणूस दिसत नाही पण शिट्टी ऐकू येते, हे त्यांचं म्हणणं. मराठी मंडळातल्या बायका त्या वर्षी हळदीकुंकू लावून, ओटी घेऊन, हातात एकेक शिट्टी घेऊन घरी गेल्या. पुढे वर्षभर कोणाच्या नवऱ्याला उशीर झाला की शिट्टी वाजव म्हणून ताईचं नाव निघायचं. ताईनं पंधरा दिवस भावोजींशी फक्त अश्लेषामार्फत बोलणं ठेवलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. भोपाळच्या वायुकांडानंतर कारखान्यांचा कायदा सुधारला होता. कारखान्यानं सुरक्षेचं लेखी धोरण ठरवायचं, कामगार आणि मालक यांची बरोबरीची समिती बसवायची, कामगारांना धोके सांगायचे, कवायती करायच्या, असं त्यात होतं. भावोजींचं अर्धं आयुष्य या नियमांत गेलं होतं. पण दिवस पालटले. इन्स्पेक्टर नावाचा प्राणी कोणालाच नकोसा झाला होता. परदेशी कंपन्या यायच्या होत्या, गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या. तेव्हा सरकारनं ठरवलं की हे नियम खरोखर उपयोगी आहेत का, ते एकदा तपासून घ्यावं. दिल्लीच्या भोवतीच्या कारखान्यांचं मूल्यमापन भावोजींकडे आलं. निवृत्तीला वर्ष उरलेलं. जोडीला खात्यानं एक सल्लागार दिला, राजीव सूद. तिशीचा, बाहेर शिकून आलेला, अतिशय सभ्य, आणि मालकांनी स्वतःच लिहून द्यावं की आम्ही नियम पाळतो, तपासणी कशाला हवी, या मताचा.

त्या दिवसांत एकदा भावोजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी लसूण सोलत होते. ते म्हणाले, "विजया, तीस वर्षं मी लोकांना सांगतोय. एकाचा तरी जीव वाचला असेल का गं त्यानं? अपघात झाला की मोजता येतो. न झालेला अपघात कुठे मोजायचा?" मी नेहमीसारखी काहीतरी फिरकी घेणार होते. पण त्यांचा चेहरा बघून माझा धीर झाला नाही. मूल्यमापन नियमांचं असलं, तरी ते स्वतःचंच करून घ्यायला निघाले होते.

पहिले दोन महिने माणूस हवेत होता. फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद, जिथे जावं तिथे नियम अक्षरशः पाळलेले. फाटकावर हार, आत बर्फी आणि काजू, भिंतीवर ताज्या रंगाचं सुरक्षा धोरण, कामगारांच्या डोक्यावर पिवळीधमक हेल्मेटं. साहेब येऊन बसले की भोंगा वाजायचा, कामगार शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बाहेर यायचे आणि समितीतला कामगार प्रतिनिधी पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवायचा. भावोजी घरी येऊन ताईला ती बर्फी द्यायचे आणि सांगायचे की कायदा रुजला गं. एवढंच म्हणायचे की हेल्मेटांना डांबराच्या गोळ्यांचा वास का येतो कळत नाही.

राजीवही खूश होता. तो त्यांना आदरानं म्हणाला, "सर, सब लोग इतना अच्छा कर रहे हैं, तो फिर इन्स्पेक्शन की ज़रूरत ही क्या है?"  त्या रात्री भावोजी जेवले नाहीत.

मग जानेवारी आला आणि ताईचं हळदीकुंकू. बायका पुष्कळ येणार म्हणून सतरंज्या आणि खुर्च्या सांगायला ताईनं भावोजींना ऑफिसातून येताना चड्ढाजींच्या टेंट हाउसमध्ये जायला सांगितलं. चड्ढाजी म्हणजे सेक्टरमधल्या प्रत्येक लग्नाचे, जागरणाचे आणि तेराव्याचे मालक. भावोजी त्या दिवशी दुपारीच ऑफिसातून निघून तिथे गेले, तर रजयांच्या थप्पीशेजारी, जेवण वाढायच्या डोंग्यांवर, पिवळीधमक हेल्मेटं रचून ठेवलेली. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. बाजूला बूट, हातमोजे, गॉगल, आणि सुरक्षा धोरणाचा बोर्डसुद्धा, कारखान्याचं नाव खडूनं लिहायला वर जागा सोडलेली.

हे काय म्हणून विचारलं तर चड्ढाजींनी काहीही न लपवता सांगितलं. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं. "शादी का सेट अलग है जी, इन्स्पेक्शन का सेट अलग। एक दिन पहले बता देना, टेम्पो से पहुँच जाएगा।" आणि पुढे आपलेपणानं म्हणाले की आजकाल कोणी सबनीस साहेब फिरतायत, त्यांच्यामुळे सीझन फार छान चाललाय.

भावोजी खुर्च्या न सांगताच बाहेर पडले. नेहमीसारखं बसनं यायचं सोडून सायकलरिक्षा केली आणि भरदुपारी, सोसायटीच्या मागच्या फाटकानं घरी आले. रोज ते चार्टर्ड बसनं पुढच्या फाटकाशी उतरायचे आणि आई बाल्कनीत बसलेल्या असायच्या. बस दिसली की आई आत तोंड करून मोठ्यानं म्हणायच्या, "प्रभा, दिवा लाव गं." भावोजींना याचं फार कौतुक. आपण घरी येतो तीच आईची दिवेलागणीची वेळ, असं ते ऑफिसात सांगायचे.

त्या दुपारी दिवा लाव म्हणायला कोणी नव्हतं. जिन्यावरच्या लाल बादलीत कोथिंबीर उगवलेली होती, चांगली हातभर. अग्निशामकावर ओला टॉवेल वाळत होता. इस्त्री तापत ठेवून अश्लेषा फोनवर बोलत होती. बाथरूमच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड, आणि पॅसेजभर फरशीवर त्याची वायर पसरलेली. ताई स्टुलावर पाट, पाटावर डबा ठेवून माळ्यावरची परात काढत होती, आणि आई बाल्कनीत फाटकाकडे डोळे लावून बसल्या होत्या, पण पुढच्या.

हळदीकुंकवाच्या तयारीसाठी सुट्टी काढून मी तिथे आलेले होते. ताई स्टुलावरून उतरली नाही, कारण उतरताच येत नव्हतं. शेवटी भावोजींनीच तिला हात देऊन उतरवलं, आणि मग एकेक बाहेर आलं. आईंचा "दिवा लाव" हा इशारा होता. तेवढ्या वेळात कोथिंबिरीची बादली गच्चीच्या जिन्यावर आणि तिथली दुसरी लाल बादली खाली, टॉवेल आत, रॉड पलंगाखाली, स्टूल जागेवर. वर्षानुवर्षं चाललेलं होतं हे. सासूसुनेचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

भावोजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे घरातही टेंट हाउसच आहे." बस्स, एवढंच. आई म्हणाल्या की अरे, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून रे. ते ऐकून त्यांचा चेहरा आणखीच उतरला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही येत होतं, म्हणून मी आत जाऊन पाणी प्यायले.

राजीवला त्यांनी हेल्मेटांचं खरं ते सांगितलं. तो दुःखी झाला, पण लगेच म्हणाला की सर, कोणी पाळतच नसेल तर हे नियम ठेवायचे तरी कशाला? म्हणजे पाळले तरी तपासणी नको आणि नाही पाळले तरी नियम नकोत. भावोजी दोन्हीकडून धुतले गेले. नियम खरोखर पाळला जातो आणि त्यानं माणसाचं भलं होतं, असं एक ठिकाण त्यांना हवं होतं. एकच पुरे होतं. आणि ते त्यांच्या घरीही नव्हतं.

त्यांनी संप पुकारला. दुसऱ्या रविवारी ताट वाजलं नाही. घरातली तपासणी बंद. रॉड पलंगाखाली जायचा थांबला, कोथिंबीर जिन्यावरच राहिली आणि आईंना बाल्कनीत काही काम उरलं नाही. ताईला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं. ती मला फोनवर म्हणाली की अगं, मांजर पाळलेलं असावं आणि ते घरात असून दिसू नये, तसं झालंय.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. चड्ढाजींना एव्हाना कळलं होतं की आपण कोणापुढे काय बोलून बसलो, म्हणून समेटादाखल त्यांनी खुर्च्यांबरोबर कॉफीचं मशीन फुकट पाठवलं. लग्नात असतं ते, फुसफुस वाफ सोडणारं. दिवाणखान्यात जागा नव्हती म्हणून ते पॅसेजमध्ये, पडद्याला लागून ठेवलं. त्याच्या वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी होती. एरवी भावोजींनी ती वायर फाटकावरूनच परत पाठवली असती. पण ते निजायच्या खोलीत दार लावून अहवाल लिहीत बसले होते. तपासणी बंद होती ना.

बायका आल्या. दिल्लीभरातून, जरीच्या साड्यांवर कार्डिगन घालून. आई दारात बसून प्रत्येकीमागे एक मणी सरकवत होत्या, सवयीनं. त्यातच राजीव सूद आला, अहवालावर सही घ्यायला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की आज घरात काय आहे. ताईनं त्याला दोन पैठण्यांच्या मध्ये वेताच्या मोढ्यावर बसवलं, तिळगूळ दिला, हाताला अत्तर लावलं. आईंनी त्याच्याही नावाचा मणी सरकवला. तो फाइल मांडीवर घेऊन कॉफीची वाट बघत बसला.

दिवे गेले, आले, पुन्हा गेले, आणि तिसऱ्यांदा आले ते जोरात आले. पॅसेजमध्ये काहीतरी तडतडलं. वायरीतून निळी ठिणगी निघाली आणि पडदा खालून पेटला.

मी शिक्षिका आहे, शंभर पोरांना एका नजरेत बसवते, पण मी जागच्या जागी थिजले. ताई मात्र हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि ताट वाजवायला लागली. घाबरून नाही, दुसऱ्या रविवारी वाजवायची तसंच, थोडंसं कंटाळून. आणि त्या जरीच्या बायका उठल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी लिफ्टकडे गेलं नाही. प्रत्येकीनं या घरात पाण्याआधी जिना ऐकलेला होता, वर्षानुवर्षं, टिंगल करत का होईना. दारातून डावीकडे, एकामागे एक, पदर खोचून. आईंनी राजीवचा हात धरला आणि त्याला शाळकरी मुलासारखं खाली नेलं. तो सारखा विचारत होता, "आंटीजी, सर कहाँ हैं?" आई त्याला गप्प चल म्हणत होत्या.

अश्लेषानं मेन स्विच पाडला. निजायच्या खोलीचं दार वाजवून ओरडली, "बाबा, आग लागलीय." आतून उत्तर आलं, "अच्छा? छान. आज तपासणीचा दिवस नाही, राहू दे." बिचाऱ्यांना वाटलं, आपली समजूत काढायला घरानं पुन्हा नाटक उभं केलंय, आणि या वेळी मंडळातल्या बायकाही कामाला लावल्यात. जळका वास आला त्यांना, पण जानेवारीत नोएडात पालापाचोळा जळतच असतो आणि त्यातून ताईचा गुळाचा पाक दरवर्षी लागतो. अश्लेषानं दुसऱ्यांदा हाक मारली आणि नियमाप्रमाणे आपल्या कामाला लागली. अग्निशामक उपटला, पिन काढली आणि पडद्यावर, मशीनवर आणि जाता जाता तिळगुळाच्या ताटावर पांढरी पूड मारली. उरलेल्या धुगधुगीवर जिन्यातली बादली ओतली, कोथिंबिरीसकट. पडदा विझला. पण धूर पॅसेजभर कोंडला होता आणि तिला पलीकडे जाता येईना, तेव्हा तीही नियमाप्रमाणे खाली आली.

खाली बॅडमिंटनच्या मैदानात बायका रांगेनं उभ्या. आई मणी मोजत होत्या. लाल दोऱ्याच्या अलीकडे एक मणी शिल्लक राहिला. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढाच राहिला. त्यांनी माळ ताईपुढे धरली.

ताईनं वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची काच बंद होती आणि शेजारच्या पॅसेजच्या झरोक्यातून धूर येत होता. बाहेर पडल्यावर कोणीही परत आत जायचं नाही, हा भावोजींचा पहिला नियम. ताई जिन्याकडे धावली आणि पहिल्या पायरीवर थांबली. माझी बहीण इतकी पांढरी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. मग तिनं किल्ल्यांच्या जुडग्यातून ती वाणाची शिट्टी काढली. चार वर्षं तिला नावं ठेवली होती, पण जुडग्यातून काढली नव्हती. ती वाजवली. ती वाजली तशा आणखी कुणीकुणी पर्समधून, बटव्यातून शिट्ट्या काढल्या, आणि मैदानभर नुसता शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. समोरच्या सोसायटीतले लोक बाल्कनीत येऊन बघायला लागले.

खिडकी उघडली. भावोजी बाहेर वाकले. त्यांनी बघितलं, सगळी मंडळी मैदानात, रांगेत, आई माळ घेऊन पुढे. शिट्टी म्हणजे मोजणी चुकली, हा त्यांचाच नियम. एका क्षणात ते घरातले रुसलेले यजमान राहिले नाहीत, साहेब झाले. वरून गरजले, "कोण राहिलंय आत?"

ताई खालून म्हणाली, "तुम्ही."

ते तसेच वाकलेले राहिले. त्यांना ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मागे वळून दाराखालून येणारा धूर पाहिला आणि खिडकीतून दिसेनासे झाले. आम्ही जिन्याकडे बघत होतो. आणि मुरलीधर सबनीस आले ते रांगत. ओला पंचा नाकावर, पोट जमिनीला, कारण धूर वर असतो आणि हवा खाली असते. पॅसेजमध्ये ते बरोबरच होतं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे धूर कधी संपला ते त्यांना कळलं नाही, आणि ते दोन मजले जिनाही रांगतच उतरले. सगळ्या बायकांसमोर मैदानापर्यंत. आईंनी वाकून त्यांच्या डोक्याला हात लावला आणि शेवटचा मणी दोऱ्याला भिडवला.

कोणी हसलं नाही. पाच मिनिटांनी हसले, ते अजून हसतायत. पण तेव्हा ताईनं त्यांच्या अंगावरची राख झटकली आणि तिला एकदम रडू आलं. मलाही आलं. भावोजी मात्र आमच्या दोघींकडे न बघता बायकांच्या रांगेकडे बघत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत परत.

राजीव हातात तिळाची वडी तशीच धरून उभा होता. त्यानं ताईला विचारलं की हे सगळं करायला तुम्हाला कोणाची भीती होती का. ताईनं डोळे पुसत त्याला तिच्या नोएडाच्या हिंदीत सांगितलं, "डर काहे का? इनकी कटकट का। झूठमूठ का करते-करते हाथ को आदत पड़ गयी।" कटकट हा शब्द त्याला नवा नव्हता, पण त्याचा उपयोग नवा होता. मग त्यानं विचारलं, ती वायर आज कोणी पाहिली नव्हती का? यावर ताई, मी आणि अश्लेषा, तिघींनी भावोजींकडे पाहिलं, आणि भावोजींनी वरच्या खिडकीकडे.

अहवाल त्यांनी नव्यानं लिहिला. त्यात आधी स्वतःच्या घराचं लिहिलं, नाव न घालता, नोएडातलं एक ठिकाण म्हणून. दाखवण्यापुरती केलेली कवायतही वारंवार केली तर अंगात भिनते, म्हणून ती दर महिन्याला व्हावी आणि ताट मालकाच्या नव्हे तर कामगारांच्या हातात असावं. आणि न सांगता होणारी तपासणी एक दिवस जरी बंद ठेवली तरी वायर तशीच राहते. टेंट हाउसचंही सविस्तर लिहिलं. राजीवनं सही केली. एका ठिकाणी त्यानं आपलं वेगळं मत नोंदवलं, पण सही केली. पुढे त्या अहवालाचं काय झालं ते मला विचारू नका. नोंद घेतली असं पत्र आलं आणि मग भावोजी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर पहिलाच दुसरा रविवार. मी गेले होते. भावोजी बाल्कनीत चहा घेऊन बसलेले. त्यांनी ताटाचं नाव काढलं नाही. पद गेलं, आता कुठे लोकांना त्रास द्यायचा, असं काहीतरी ते मला सांगत होते. मी कधी नव्हे ती त्यांना बोलू देत होते.

तेवढ्यात आत ताट वाजायला लागलं.

ताई दारात उभी होती, कणकेच्या हातात लाटणं घेऊन. अश्लेषा मेन स्विचकडे गेली. आई माळ शोधायला लागल्या. भावोजी कप हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"अगं, आता तपासायला कोण येणार आहे?" ते म्हणाले.

"कोणी नाही," ताई म्हणाली. "उतरा."

ते उतरले. डावीकडून, कठड्याला धरून, सगळ्यांच्या शेवटी. मैदानात पोचले तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटला होता आणि आई त्यांच्या नावाचा मणी बोटात धरून थांबल्या होत्या.